जवस, सरकी, सोयाबीन आणि नव्या गाडीची चकाकी

'लॅकर' हा शब्द मूळचा आपला आहे, हे तुम्हाला माहीत होतं का? संस्कृतातली 'लाक्षा', तिची प्राकृतात झाली 'लक्खा', मराठी-हिंदीत 'लाख'. पळसावर, बोरीवर राहणाऱ्या एका किड्याने तयार केलेला हा चिकट पदार्थ अरब व्यापाऱ्यांनी पश्चिमेला नेला, पोर्तुगीजांच्या तोंडी त्याचा 'लाक्रे' झाला आणि इंग्रजांनी त्याचा लॅकर केला. म्हणजे नव्या कोऱ्या गाडीच्या बॉनेटमध्ये स्वतःचा चेहरा बघून आपण भांग पाडतो, तेव्हा त्या चकाकीच्या नावाची तरी मुळं आपल्याच रानात आहेत.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे एक फोन. माझा मामेभाऊ केजला असतो. खतं-बियाणांचं दुकान आहे. परवा त्याने नवी गाडी बुक केली आणि फोन लावला. "अरे, शोरूमवाला म्हणायलाय, कोटिंग करून घ्या. पंचेचाळीस हजार सांगायलाय. नाही केलं तर दोन वर्षांत रंग जाईल म्हणतोय. तू इंजिनेर हैस, सांग काय करावं?"

आता मी सॉफ्टवेअरवाला. रंगातलं मला काय कळणार? पण घरात एकदा 'इंजिनेर' झालं की मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळं आपल्याच खात्यात येतं, हा अनुभव तुम्हालाही असेलच :) म्हटलं, "दादा, शनिवार-रविवार दे, बघून सांगतो." आणि बघायला बसलो तर एक भलताच रंजक इतिहास हाती लागला. गाडी टिकवायचा प्रत्येक उपाय कुठल्या ना कुठल्या काळातल्या रंगाच्या एखाद्या खोडीवरचा तोडगा आहे. रंग बदलला, खोड गेली, तोडगा मात्र तसाच राहिला. आपल्या धंद्यात दहा वर्षांपूर्वीच्या बगसाठी लिहिलेला कोड कुणी काढत नाही, कारण 'कशासाठी होता कुणास ठाऊक, राहू दे' – तसंच. आणि गंमत म्हणजे या इतिहासात बीड जिल्ह्याच्या शेतातली जवळजवळ सगळी पिकं येऊन जातात.

जवसाचा काळ

मोटारी आल्या तेव्हा त्यांना वेगळा रंग नव्हता. घोड्याच्या बग्गीला जो रंग तोच मोटारीला. तो कशाचा? जवसाच्या तेलाचा. हो, तेच जवस ज्याची आपण चटणी खातो. जवसाच्या तेलाला एक गुण आहे. ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं आणि त्याची लवचिक पातळ कातडी तयार होते. रसायनशास्त्राच्या भाषेत 'ड्राइंग ऑइल'. खोबरेल ठेवलं तर वर्षभर तेलच राहील, जवसाचं तेल मात्र फडक्यावर सांडलं की आठवड्याभरात कडक. या तेलात झाडांचे डिंक-राळ शिजवून वॉर्निश करायचं, रंगद्रव्य घालायचं, ब्रशने एक हात द्यायचा, वाळू द्यायचं, घासायचं, पुन्हा दुसरा हात. असे पंधरा-वीस हात. एक गाडी रंगून बाहेर पडायला काही आठवडे लागत.

त्या काळात बीड निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. हैदराबादच्या चौमहल्ला पॅलेसमध्ये गेलात तर तिथे एक पिवळीधमक रोल्स-रॉईस ठेवलेली दिसेल. १९१२ ची सिल्व्हर घोस्ट, आत सिंहासनासारखी बैठक. ऑर्डर सहाव्या निजामाने, महबूब अली खानने दिली. १९११ मध्ये तो वारला आणि गाडी आली ती मुलाच्या, उस्मान अली खानच्या कारकिर्दीत. शाही समारंभापुरती बाहेर काढायची. ही गाडी आयुष्यात चारशे मैलसुद्धा धावलेली नाही. म्हणजे बीडच्या तत्कालीन मालकाने रंग टिकवण्याचा सगळ्यात खात्रीचा उपाय शोधून काढला होता: गाडी चालवायचीच नाही! :)

पण प्रजेला ही चैन परवडत नाही. १९३२ साली निजामाच्या रेल्वेच्या रोड ट्रान्सपोर्ट खात्याने २७ बस घेऊन सेवा सुरू केली आणि संस्थानात मोटार ही राजाची वस्तू न राहता रस्त्यावरची वस्तू व्हायला लागली. रस्ता म्हणजे मुरूम, फुफाटा आणि पावसाळ्यात काळा चिखल. बीड शहराला तर पॅसेंजर रेल्वे मिळायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं (बीड ते अहिल्यानगर). तोवर सगळा भार रस्त्यावर. तेव्हा आपल्याकडे गाडीचा रंग आणि रस्त्याची धूळ यांचं भांडण पहिल्यापासूनचं आहे.

काळा रंग आणि फोर्डसाहेब

तिकडे अमेरिकेत हेन्री फोर्डची वेगळीच पंचाईत झाली. १९१३ मध्ये त्याने असेंब्ली लाइन सरकती केली. गाडी जोडायला लागणारा वेळ धाडकन खाली आला. पण रंग वाळायला आठवडे! म्हणजे मॉड्यूल सगळी फास्ट, आणि शेवटचं एक डिप्लॉयमेंट मॅन्युअल. गाड्या उभ्या करून ठेवायला गोदामं किती बांधणार? म्हणून त्याने डांबरासारखा बिटुमेन आणि जवसाचं तेल यांचा काळा 'जपान' रंग घेतला. हा भट्टीत भाजला की लवकर वाळे. १९१४ ते १९२५ मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळत होती ती यामुळे. आपण समजतो हा फोर्डचा हट्टीपणा होता. प्रत्यक्षात तो वाळण्याच्या वेळेचा प्रश्न होता.

सरकीचा काळ

यानंतर आला कापूस. जिनिंगमध्ये रुई वेगळी केल्यावर सरकीवर बारीक लव राहते, तिला लिंटर म्हणतात. गेवराई-माजलगावच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. ही लव नायट्रिक आणि सल्फ्युरिक ॲसिडच्या मिश्रणात बुडवली की तयार होतो नायट्रोसेल्युलोज, म्हणजे बंदुकीचा बिनधुराचा दारूगोळा. पहिलं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीकडे हा माल बनवायचे कारखाने होते आणि गिऱ्हाईक नव्हतं. त्यांच्या केमिस्टांनी तोच पदार्थ पातळ करून त्यात रंगद्रव्य घातलं आणि फवारून मारता येईल असा रंग काढला. १९२३ साली तो 'ड्यूको' नावाने बाजारात आला. जनरल मोटर्सच्या ओकलंड या गाडीने १९२४ च्या मॉडेलला तो निळ्या रंगात मारला. आठवड्यांचं काम तासांवर आलं आणि कुठलाही रंग शक्य झाला. जनरल मोटर्सने १९२७ मध्ये रंग आणि रूपासाठी वेगळा विभागच काढला. 'दरवर्षी नवं मॉडेल, नवा रंग' हा जो प्रकार आज मोबाईलपर्यंत आलाय, त्याचं एक मूळ या सरकीच्या लवेत आहे.

ड्यूको हे नाव आपल्याकडे इतकं रुजलं की आजही फर्निचरवाला सुतार "साहेब, डुको मारायचा की लॅमिनेट?" असं विचारतो. कंपनी गेली, रंग बदलला, नाव राहिलं. डालडासारखं.

पण ड्यूकोला एक मोठी खोड होती. ऊन त्याला सोसत नसे. वर्ष-दोन वर्षांत चकाकी जायची, वर पांढरट भुकटी यायची. ती घासून काढली की खालचा ताजा रंग दिसे, मग त्यावर मेण चढवायचं. मेणसुद्धा कसलं, ब्राझीलमधल्या कार्नोबा नावाच्या ताडाच्या पानांवरचं. तिथे उन्हाळा इतका कडक की पानं पाणी धरून ठेवायला स्वतःवर मेण चढवतात. सिमोनिझ नावाची पॉलिशची कंपनी शिकागोत १९१० पासूनच होती, पण ड्यूकोच्या काळात रविवारी सकाळी गाडीला मेण लावणं हा अमेरिकन पुरुषाचा कुळाचार झाला. 'पॉलिश केलं नाही तर रंग जातो' हे वाक्य त्या काळात शंभर टक्के खरं होतं. शोरूमवाला आज दादाला जे सांगत होता, ते वाक्य शंभर वर्षांपूर्वीचं आहे. रंग मात्र तो नाही.

सोयाबीन, करडई आणि पोळा

१९३० च्या दशकात अल्किड रंग आले. अल्कोहोल आणि ॲसिड यांच्या नावांची संधी करून हा शब्द बनवलाय. त्यात वनस्पती तेल हाच मोठा घटक. जवस चालतं, एरंडी चालते, पण जवस पुढे पिवळं पडतं, म्हणून पांढऱ्या रंगाला करडई किंवा सोयाबीन बरं. फोर्डने त्या दशकात सोयाबीनवर इतका जीव टाकला की गाड्यांच्या इनॅमलमध्ये सोयाबीनचं तेल घातलं. करडई हे तर मराठवाड्याचं हक्काचं रब्बी पीक. परभणीच्या कृषी विद्यापीठाने तिच्या जाती काढल्या. आता बीडमध्ये करडई मागे पडली आणि जिकडे बघाल तिकडे सोयाबीन. म्हणजे दादा दुकानात जे बियाणं विकतो, त्याच्याच तेलाने एके काळी मोटारी चमकत होत्या. हे त्याला सांगितलं तर म्हणाला, "मग भाव का वाढंना गेलाय?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

आपल्याकडे याच काळात देशी रंगकंपन्या उभ्या राहत होत्या. एशियन पेंट्स १९४२ मध्ये मुंबईत सुरू झाली. मोठी शहरं आणि मोठी दुकानं परदेशी कंपन्यांनी धरलेली. मग या लोकांनी लहान लहान डबे करून खेड्यांकडे मोर्चा वळवला, आणि त्यांचं तिथलं एक हमखास गिऱ्हाईक म्हणजे पोळ्याला बैलाची शिंगं रंगवणारा शेतकरी! पूर्वी शिंगं साळून त्यांना हिंगूळ लावत, बेगड चिकटवत. त्या जागी डब्यातला रंग आला.

मला हे फार सूचक वाटतं. आपल्याकडे वाहनाचा रंग टिकवणं हा मुळात विचारच नव्हता. वाहन वर्षातून एकदा नव्याने रंगवायचं, ओवाळायचं, पुरणपोळी चारायची आणि परत कामाला जुंपायचं. उसाच्या फडावर जाणाऱ्या बैलाच्या शिंगाचा रंग दिवाळीनंतर उडाला म्हणून कुणी हळहळत नसे. आजही ट्रॅक्टरवाला तेच करतो. दसऱ्याला धुणार, झेंडूची माळ घालणार, हळद-कुंकू वाहणार, बास. (कुंकवाचं स्वस्तिक मात्र पूजा झाली की त्याच दिवशी पुसा. बाजारातल्या कुंकवात बहुतेक कृत्रिम रंग असतो आणि उन्हात डाग धरतो.)

'गाडी जपायची' ही वृत्ती आली ती टंचाईच्या काळात. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची प्रीमियर कंपनी १९४४ ची. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, मिळवायला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. एकदा हाती आली की ती आयुष्यभराची, प्रसंगी पुढच्या पिढीचीसुद्धा. मग रात्री कव्हर, सकाळी फडकं, सीटवरचं प्लास्टिक तसंच. आपल्या वडलांच्या पिढीला हे संस्कार इथून मिळाले. गाडी पुन्हा मिळणार नाही ही भीती त्यामागे होती. आज शोरूमवाला नेमकी तीच भीती विकतो, फरक इतकाच की गाडी आता आठवड्यात मिळते.

आजचा रंग: थरावर थर

आता आजच्या गाडीकडे येऊ. हे आपल्या ओळखीचं आहे, लेयर्ड आर्किटेक्चर.

सगळ्यात खाली पत्र्यावर फॉस्फेटचा थर. मग सगळी बॉडी रंगाच्या टाकीत बुडवतात आणि वीज सोडतात. रंगाचे कण विजेने ओढले जाऊन कानाकोपऱ्यात बसतात. फोर्डने हे १९६० च्या दशकात सुरू केलं आणि १९७० च्या दशकात त्याची सुधारलेली कॅथोडिक पद्धत आली. गंजाचा खरा बंदोबस्त हा. त्यावर प्रायमर, मग रंगाचा बेसकोट, आणि सगळ्यात वर रंगहीन क्लिअरकोट. सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन, म्हणजे ढोबळमानाने दोन केसांएवढी. त्यातला क्लिअरकोट ३५ ते ५० मायक्रॉन, केसापेक्षा बारीक.

म्हणजे गाडीवर एक संरक्षक कोटिंग कारखान्यातून चढूनच येतं. त्यात अतिनील किरणं शोषणारी द्रव्यं असतात. ड्यूकोसारखी वर भुकटी येत नाही. दोन वर्षांत उन्हाने रंग जाणार ही भीती आजच्या गाडीला लागू नाही. बरीच वर्षं सतत उन्हात राहिली तर क्लिअरकोटही सोलटतो, पण ते बऱ्याच वर्षांचं काम.

मग क्लिअरकोटची खोड कुठली? दोन. एक, तो बारीक ओरखडे लगेच दाखवतो, कारण आरपार दिसतो. दुसरी, आम्लाने त्याच्यावर खड्डा पडतो. पक्ष्यांची विष्ठा, मेलेले किडे, झाडाचा चीक. अमेरिकेत तर फ्लोरिडामधल्या जॅक्सनव्हिल इथे आम्लयुक्त दव आणि ऊन यांची जोडी इतकी वाईट की रंगकंपन्या तिथे मुद्दाम नमुने उन्हात ठेवून परीक्षा घेतात.

आणि एक मुद्दा लक्षात ठेवा. मशीनने पॉलिश करून ओरखडे 'काढले' म्हणजे काय केलं? ओरखड्याच्या तळापर्यंत भोवतालचा क्लिअरकोट घासून काढला. दर वेळी एखाद-दोन, कधी चार-पाच मायक्रॉन कमी. हा कोटा मर्यादित आहे, रिचार्ज होत नाही. 'फ्री पॉलिशिंग दर सर्व्हिसिंगला' ही ऑफर त्यामुळे फुकट मिळाली तरी महाग आहे.

पंचेचाळीस हजारांत काय काय येतं?

दादाने पॅकेजचा फोटो पाठवला. त्यातल्या एकेका गोष्टीचा इतिहास बघू.

टेफ्लॉन. १९३८ मध्ये ड्यूपॉन्टच्याच रॉय प्लंकेट या केमिस्टला अपघाताने सापडलेला पदार्थ. तव्याला काही चिकटत नाही तो हाच. पण तो वितळतो ३२७ अंश सेल्सिअसला आणि तव्यावर बसवायला त्याहून जास्त तापमानाची भट्टी लागते. तुमची गाडी कुणी ३५० अंशांवर भाजणार नाही, भाजली तर खाली काहीच उरणार नाही :) तेव्हा 'टेफ्लॉन कोटिंग' म्हणून जे हाताने चोळतात ते व्यवहारात एक पॉलिश आहे. चमक येते, काही महिने राहते. पॉलिशएवढेच पैसे द्यावेत.

अंडरबॉडी गंजरोधक. हा कॅथोडिक बुडवणीच्या आधीच्या काळातला तोडगा. किनाऱ्यावर खारी हवा असते, थंड देशांत रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे आजही अर्थ आहे. बीडला समुद्र नाही, बर्फ नाही, आणि पाऊस वर्षाला सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास. रत्नागिरीचा भाऊ असता तर मी वेगळं सांगितलं असतं.

सिरॅमिक कोटिंग. सिलिकावर आधारलेला द्रव, लावल्यावर काचेसारखा घट्ट होतो. हे खोटं नाही. पाणी थेंबाथेंबाने घरंगळतं, घाण कमी चिकटते, विष्ठेचा मार थोडा सोसतो. पण जाडी एक-दोन मायक्रॉन. आणि जाहिरातीत '९ एच' म्हणतात तो कडकपणा पेन्सिलीच्या मापाचा आहे, खनिजांच्या मोह्ज मापाचा नाही. दोन वेगळी युनिट्स आहेत. किल्लीचा ओरखडा, दगडाचा टवका यापुढे त्याचा काही इलाज नाही.

पीपीएफ, म्हणजे पारदर्शक फिल्म. याची गोष्ट सगळ्यात भारी. व्हिएतनाम युद्धात अमेरिकन हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळू आणि बारीक कचऱ्याने झिजत. त्यांना चिकटवायला थ्रीएम कंपनीने पॉलियुरेथेनची फिल्म दिली. तिथून ती रेसच्या गाड्यांवर आणि मग घरच्या गाड्यांवर आली. जाडी दीडशे ते दोनशे मायक्रॉन, म्हणजे गाडीच्या सगळ्या रंगापेक्षा जास्त. दगडाचा टवका अडवणारा या यादीतला हा एकच उपाय. पण पूर्ण गाडीला करायचं म्हटलं तर खर्च लाखाच्या घरात जातो, आणि काही वर्षांनी ती बदलावी लागते.

बीडचा प्रॉब्लेम स्टेटमेंट

आता आपल्या धंद्यातला पहिला नियम. सोल्यूशन बघायच्या आधी रिक्वायरमेंट बघा. केजच्या गाडीला नेमकं काय सोसायचं आहे?

पहिली, धूळ. आपला सगळा दख्खन बेसाल्टचा, काळ्या पाषाणाचा. रस्त्यावर जो चुरा उडतो त्यात फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजं, मोह्ज कडकपणा ५ ते ६. चाकूच्या पोलादाच्या तोडीचा. मधूनमधून गारगोटीचे कण, ते ७. क्लिअरकोट यांच्यापुढे लोण्यासारखा. धूळ नुसती बसली तर काही करत नाही. ती कोरड्या फडक्याने पुसली की तेच फडकं पॉलिशपेपर होतं. दादाच्या दुकानातला मुलगा रोज सकाळी झाडून झालं की फडकं घेऊन गाडी पुसतो, तीही गोल गोल. उन्हात आजकालच्या काळ्या गाड्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात ती याने.

दुसरी, दगड. धुळे-सोलापूर हायवेवर डंपर, खडीच्या गाड्या, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या. पुढचा बंपर, बॉनेटची कड आणि आरसे यांना मार.

तिसरी, राख, पण ती परळीच्या बाजूला. परळीचं औष्णिक वीज केंद्र १९७१ पासूनचं. कोळशाची राख आणि तिची वाहतूक. ओली झाली की अल्कधर्मी, कोरडी पुसली की पुन्हा पॉलिशपेपर.

चौथी आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पाणी. कोटिंगवाल्यांचे सगळे सल्ले 'आठवड्याला भरपूर पाण्याने धुवा' इथून सुरू होतात. ते कॅलिफोर्नियात ठीक. केज तालुक्यातच धनेगावला मांजरा धरण आहे. २०१६ मध्ये ते कोरडं पडलं आणि त्यावर अवलंबून असलेल्या लातूरला एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. परळीचं वीज केंद्र २०१३ आणि २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. त्या वर्षांत टँकरची वाट बघणाऱ्या बायकांच्या रांगेसमोर नळी धरून गाडी धुणं हे चुकीचं तर होतंच, पण शक्यही नव्हतं. नळी सोडून धुतलं की शे-दीडशे लिटर सहज जातात. आणि जे पाणी मिळतं ते बोअरचं, क्षाराचं. सिरॅमिकवर त्याचे सुंदर थेंब उभे राहतात आणि उन्हात वाळून पांढरे गोल डाग सोडतात.

म्हणजे बघा, बीडमध्ये रंगाचा खरा वैरी ऊन नाही. धूळ आहे, आणि ती धुवायला पाणी नाही ही अडचण आहे. पॅकेजमधल्या चारपैकी दोन गोष्टी या प्रश्नाला शिवतसुद्धा नाहीत.

मग ठरलं काय?

दादाला मी पुढचं सांगितलं.

१. पॅकेज घेऊ नको. टेफ्लॉन आणि अंडरबॉडी नको.

२. हायवेला रोज जाणं-येणं असेल तर पीपीएफ फक्त पुढच्या बंपरला, बॉनेटच्या पुढच्या भागाला, आरशांना आणि दारांच्या कडांना. पूर्ण गाडीला नको.

३. वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीला, साधं मेण किंवा सीलंट हाताने. हवं तर सिरॅमिक कर, पण टिकायचं ते पुसण्यावर टिकेल, हे धरून.

४. कोरडं फडकं आजपासून बंद. रोज पुसायची गरज नाही. धूळ बसू दे. आठवड्याला दोन बादल्या: एक साबणाची, एक फडकं खळबळायची. आधी तांब्याने वरून पाणी ओतून धूळ उतरवायची, मग मायक्रोफायबरने वरून खाली, सरळ रेषेत. वीस-तीस लिटरमध्ये होतं.

५. शेवटचा हात एसीच्या पाण्याचा. एसीच्या नळीतून गळतं ते पाणी हवेतलं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओचं वाया जाणारं पाणी मात्र गाडीला नको, त्यात क्षार उलट वाढलेले असतात.

६. विष्ठा, चीक दिसला की त्याच दिवशी ओल्या फडक्याने भिजवून काढायचा. सावली हवी, पण चिंचेखाली नको.

सगळं मिळून खर्च पॅकेजच्या निम्म्याच्या आत. दादाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "धूळ बसू दे म्हणतूस? मग लोक काय म्हणतील, नवी गाडी अन् अशी?"

खरा प्रश्न हाच होता. ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) लोकांनी एकत्र येऊन एका फटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या, पासष्ट कोटींच्या. बँकेने सात टक्क्यांनी कर्ज दिलं. त्यावर देशभर चर्चा झाली, आणि त्याच मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी याहून किती जास्त व्याज पडतं हेही निघालं. त्या गाड्यांचं म्हणणं एकच होतं – आम्हीही आहोत, बघा. मागास म्हणून हिणवलेल्या भागाने चकाकीतून केलेलं विधान. मी पुण्यात एसीत बसून त्याला हसणार नाही. ज्याच्या आजोबांनी बैलाची शिंगं रंगवली आणि वडलांनी एसटीने प्रवास केला, त्याला आपली गाडी दारात चमकावी असं वाटलं तर त्यात वाईट काय?

पण चकाकी कुणाच्या तरी हातांनी आणि कुठल्या तरी पाण्याने येते. पंधरा-वीस हात वॉर्निश चढवणारा कारागीर, रविवारी मेण घासणारा अमेरिकन बाप, आणि फडकं घेऊन उभा असलेला दुकानातला मुलगा. रंगाचं तंत्रज्ञान शंभर वर्षांत इतकं पुढे गेलं की ते कष्ट बरेचसे अनावश्यक झाले. आपण मात्र कष्ट तसेच ठेवले आणि त्यावर पंचेचाळीस हजारांची भर घालायला निघालो. आज गाडीवर थोडी धूळ असणं म्हणजे तिची हेळसांड नव्हे. निदान बीडमध्ये तरी, एप्रिलमधली धुळकट गाडी हे शहाणपणाचं लक्षण मानायला हरकत नाही. घरात प्यायचं पाणी शिल्लक आहे, एवढाच तिचा अर्थ.

असो. बरंच लांबलं. तुमच्याकडे नवी गाडी येणार असेल तर पॅकेजचा कागद हातात आल्यावर प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहा: हा तोडगा कुठल्या रंगाच्या कुठल्या खोडीसाठी निघाला होता, आणि ती खोड माझ्या गाडीत, माझ्या गावात आहे का? उत्तर 'नाही' आलं की ती ओळ खोडा. पेन मात्र बॉनेटवर ठेवू नका :)